पाण्याचे माप : शिडाच्या लहान होडीसाठी खोली व वेग मोजण्याची स्वस्त साधने



आजच्या विषयाचे नाव वाचले गेले तेव्हा आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. नांदेड-लातूरकडच्या माणसाने शिडाच्या होडीवर बोलावे, आणि तेही ज्याचे आयुष्य मोंढ्यातल्या हमाल-मापाड्यांच्या संघटनेत गेले अशाने, यात थोडा विनोद आहे खरा. ज्या लातूरने २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आलेले पाहिले, तेथे होडीच्या गोष्टी कोणाला सुचाव्यात? परंतु पाणी मोजण्याची सवय आपल्याइतकी कोणाला आहे? विहीर किती खोल हे आपण परसात सांगतो, म्हणजे माणसाच्या उभ्या उंचीच्या मापात. धरणाची पातळी रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. फरक इतकाच की, आपण पाणी पुरेल किती दिवस हे मोजतो आणि होडीवाला पाणी पुरेल किती खोल हे मोजतो.

मी या विषयाकडे वळलो तो एका मुलामुळे. आमच्या संघटनेतील एका हमालाचा मुलगा नोकरीसाठी रत्नागिरीला गेला. तेथे त्याने तिघा मित्रांबरोबर एक जुनी, सोळा फुटी, शिडाची होडी विकत घेतली. पुढे त्याने मला साधनांची एक यादी पाठवली आणि लिहिले, "काका, ह्यातलं काय घेऊ अन् काय सोडू?" यादीची बेरीज केली तेव्हा ती होडीच्या किमतीपेक्षा जास्त भरली. मुलाचा बाप पाठीवर पोती वाहतो. तेव्हा चूक करून शिकण्याइतका पैसा त्या घरात नाही. मी पुस्तके चाळली, रत्नागिरीला जाऊन त्या होडीत बसलो, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. माणशी एक चांगले जीवरक्षक जाकीट ही साधनांच्या यादीतली बाब नव्हेच. ते घेतल्यावर जो पैसा उरेल त्याचाच पुढचा हिशेब.

आता प्रश्न असा की, खोली आधी की वेग आधी? माझे उत्तर निःसंशय खोली. वेग कळला नाही तर उशीर होईल, अंदाज चुकेल. खोली कळली नाही तर होडी वाळूत रुतेल किंवा खडकावर फुटेल. कोकणात खाडीच्या मुखाशी वाळूचे पट्टे असतात आणि पावसाळ्यागणिक ते जागा बदलतात. त्यातच भरती-ओहोटी आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी पुष्कळ चढते-उतरते, भांगाच्या दिवसांत कमी. सकाळी जेथून सुखाने बाहेर पडलो, तेथेच दुपारी तळ लागतो. नकाशावर छापलेली खोली साधारणपणे ओहोटीच्या खालच्या पातळीपासून धरलेली असते. तीत त्या वेळची भरती मिळवावी लागते. म्हणून भरती-ओहोटीचे कोष्टक हे खोलीचे पहिले साधन, आणि ते सर्वांत स्वस्त.

दुसरे साधन दोरी. दीड-दोन किलोचे शिसे, गवंड्याच्या ओळंब्यासारखे, दोरीला बांधायचे आणि पाण्यात सोडायचे. दोरी आधी भिजवून मगच तिच्यावर खुणा कराव्यात, कारण ओली दोरी कोरडीच्या मापाने राहत नाही. खुणा अशा हव्यात की अंधारात हाताला कळतील. जुन्या जहाजांवर दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरे कापड, अशी रीत होती. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारे माप, सुमारे सहा फूट. शिशाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरत. मग तळाची वाळू, चिखल किंवा शिंपा तिला चिकटून वर येई, आणि नांगर कोठे धरेल हेही समजे. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर आगबोटींचा वाटाड्या म्हणून काम केलेल्या सॅम्युअल क्लेमेन्स याने लेखक झाल्यावर 'मार्क ट्वेन' हे नाव घेतले, ते याच दोरीवरून. त्या आरोळीचा अर्थ दोन वाव, बारा फूट पाणी. म्हणजे बोट निर्धास्त जाऊ शकते.

दोरीची उणीव उघड आहे. एक हात तिच्यात गुंततो, होडी हळू करावी लागते, आणि वारा जोराचा असेल तर ते जमत नाही. म्हणून तिसरे साधन, प्रतिध्वनीने खोली सांगणारे यंत्र. त्याचे तत्त्व साधे आहे. होडीच्या बुडाशी बसवलेला एक लहानसा गोळा माणसाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. तो तळावर आपटून परत येतो. किती वेळ लागला यावरून खोली निघते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात आवाज परतला, तर त्याने जाऊन-येऊन पंधरा मीटर काटले. खोली साडेसात मीटर. आपल्याकडच्या धरणांत गाळ किती साचला हे पाहणारे सर्वेक्षकही याच तत्त्वावरचे, पण फार मोलाचे यंत्र होडीवर घेऊन फिरतात.

बाजारात शिडाच्या नौकांसाठी म्हणून विकली जाणारी यंत्रे असतात आणि मासे शोधण्यासाठी म्हणून विकली जाणारी असतात. दोन्हींच्या पोटात हाच प्रकार. मासे शोधण्याच्या यंत्रांचा खप मोठा, म्हणून लहान यंत्र बरेच स्वस्त पडते. आणि आपल्याला हवा तो खोलीचा आकडा त्यातही ठळक दिसतो. लहान होडीने तेच घ्यावे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. उन्हात पडदा वाचता येतो का? पाण्यात पडले तर टिकेल का? ठरवलेल्या खोलीच्या आत आलो की घंटा वाजते का? आणि ज्या बॅटरीवर ते चालायचे ती आपल्याजवळ दिवसभर पुरेल का? रंगीत नकाशे, साधने एकमेकांस जोडण्याच्या तारा, मैलभर खोलीपर्यंत पोचणारी ताकद, हे सारे सोळा फुटी होडीला निरुपयोगी आहे. उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झचा आवाज पुरतो. ५० चा खोल समुद्रासाठी.

गोळा कोठे बसवायचा हा पुढचा प्रश्न. तंतुकाचेची भरीव होडी असेल तर तो आतून चिकटवता येतो; बुडाला भोक पाडावे लागत नाही. लाकडातून किंवा दोन थरांमध्ये फेस भरलेल्या बुडातून आवाज नीट जात नाही. तेथे तो मागच्या फळीवर, पाण्याखाली, शक्य तितका मध्याजवळ लावावा. शिडाची होडी वाऱ्याने कलते. कडेला लावलेला गोळा अशा वेळी पाण्याबाहेर येतो. आणि तिरपा झाला तर आवाज तिरपा जाऊन खोली आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. जास्त दाखवणारी चूक ही धोक्याची चूक. बुडबुडे, दाट पाणवनस्पती, पातळ चिखल यांनीही यंत्र फसते.

आणखी एक मर्यादा विसरू नये. यंत्र पायाखालचे सांगते, पुढचे सांगत नाही. चार नॉटच्या वेगाने होडी सेकंदाला दोन मीटर पुढे सरकते. म्हणून एका आकड्यावर न विसंबता आकड्यांची चाल पाहावी. अडीच, सव्वादोन, एक पूर्णांक आठ असे उतरू लागले की घंटेची वाट न पाहता शीड सैल सोडावे व वळावे. ज्या होडीला मध्ये वरखाली होणारी फळी असते, तिची फळी तळाला लागून वर उचलली जाणे हीसुद्धा एक सूचनाच. पण ती शेवटची.

येथे वेगाचा विषय आलाच. 'नॉट' म्हणजे गाठ. जुने खलाशी दोरीला फळी बांधून मागे सोडत, आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. दोन गाठींत अंतर ४७ फूट ३ इंच. जितक्या गाठी, तितके ताशी सागरी मैल. एक सागरी मैल १८५२ मीटर. याहून सोपी युक्ती म्हणजे नाळेजवळ लाकडाचा तुकडा पाण्यात टाकून तो मागच्या टोकापाशी किती सेकंदांत येतो ते पाहणे. पाच मीटरची होडी, अडीच सेकंद लागले, तर सेकंदाला दोन मीटर. म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटर, सुमारे चार नॉट. यंत्राची किंमत शून्य.

वेग दोन प्रकारचा असतो, हे गोदाकाठच्या माणसाला समजावून सांगण्याचे कारण नाही. नावाडी ताशी पाच किलोमीटरच्या जोराने वल्हवतो आहे आणि समोरून दोन किलोमीटरचा प्रवाह आहे. काठ मागे पडतो तो तीननेच. पाण्यातला वेग पाच, जमिनीवरचा तीन. बुडाखाली फिरणारे लहानसे चाक पाण्यातला वेग सांगते. मोबाईलमधील उपग्रहाचे यंत्र जमिनीवरचा. चाकाला भोक लागते, शेवाळ व शिंपले त्यात अडकतात, आणि ते वरचेवर काढून धुवावे लागते. शर्यतीत उतरणाऱ्याला शीड नीट बसले का हे पाहायला त्याचा उपयोग आहे. आमच्या मुलाला तो नव्हता. त्याच्याजवळ मोबाईल होताच. त्याला पाणी न शिरणारी पिशवी आणि गळ्यात दोरी, एवढेच हवे होते. मोबाईलची बॅटरी संपली की लाकडाचा तुकडा आहेच.

कोणी म्हणेल, हे गरिबाचे समाधान आहे. तसे नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या दर्यावर्द्याची 'सुहेली' ही ३२ फुटी नौका आपल्या मुंबईत सागवानात बांधली गेली. तिच्यातून त्याने १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली, ३१२ दिवसांत. त्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ पासून पुन्हा शर्यत होऊ लागली, तिचा नियमच असा की साधने १९६८ च्या तोडीचीच हवीत. भारतीय नौदलात अधिकारी राहिलेले अभिलाष टॉमी २०१८ मध्ये त्या शर्यतीत वादळात सापडून पाठीला जबर जखमी झाले. आणि २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरून एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. सांगायचे इतकेच की, साध्या साधनांनी जग ओलांडता येते. मात्र ती साधने हातात मुरलेली असावी लागतात.

दुसरी बाजूही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गोदावरीच्या पात्रात वाळू उपसण्याच्या कामावरचा आमच्या ओळखीचा एक तरुण मजूर बुडाला. कामावर ठेवणाऱ्याने सांगितले होते, पाणी छातीइतके आहे. वाळू काढून काढून तेथे खड्डा झाला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोरीला वीट बांधून मोजले. दोन परसाहून जास्त भरले. ते माप आदल्या दिवशी घ्यायला एक दोरी आणि पाच मिनिटे लागली असती. खोली मोजण्याचे काम स्वस्त की महाग, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे, माप त्याच्या स्वतःच्या हातात असले पाहिजे.

म्हणून मुलाला मी कळवले : आधी दोरी, मग मोबाईलची पिशवी, आणि पैसे साठले की मासे शोधण्याचे साधे यंत्र. बाकी यादी खोडून टाक. त्याने तसेच केले.

यंत्र बसवले त्या दिवशी त्याचे वडील आणि मी दोघेही रत्नागिरीला होतो. खाडीच्या शांत पाण्यात होडी उभी केली. यंत्राने सांगितले २.४ मीटर. दोरी भरली २.६. मुलगा हिरमुसला; म्हणाला, नवे यंत्रच खोटे निघाले. त्याचे वडील इतका वेळ गप्प बसले होते. त्यांनी मागे वाकून गोळा पाण्यात किती बुडाला आहे ते पाहिले. तो वीतभर खाली होता. ते म्हणाले, "अरे, खोटं कशाचं? हे तर बारदान झालं!"

मोंढ्यात माल पोत्यासकट काट्यावर चढतो आणि पोत्याचे वजन वजा होते, ते बारदान. येथे उलटे, वीतभर मिळवायचे. यंत्र आपल्यापासून खाली मोजते, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. काही जण आकडा पृष्ठभागापासून जुळवतात, काही जण होडीच्या सर्वांत खालच्या टोकापासून. कोणतीही रीत धरा, पण एकच धरा आणि होडीत ठळक लिहून ठेवा. नाहीतर एकाच आकड्याचा अर्थ दोघे जण दोन प्रकारे लावतील, आणि होडी तळाला लागेल.

नवा काटा आला की जाणता मापाडी आधी त्यावर माहीत असलेले वजन टाकून पाहतो. विकणाऱ्याच्या शब्दावर जात नाही. होडीतले माहीत वजन म्हणजे ती खुणांची दोरी. हंगामाच्या सुरुवातीला तिने यंत्र तपासावे, आणि यंत्र उत्तम चालले तरी तिला घरी ठेवू नये. आमच्या मुलाच्या होडीत ती आजही नाळेजवळ गुंडाळून ठेवलेली असते. खुणा त्याच्या वडिलांनी बांधल्या आहेत, पोत्याच्या सुतळीने.