पैनगंगेच्या दोन तीरांची कादंबरी

महागावहून माहूरकडे जाणारी वाट धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडते. रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूला तेथे एक साधा पूल दिसतो. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड, एवढाच काय तो फरक. परंतु सप्टेंबर १९४८ पर्यंत हीच नदी दोन राजवटींची सरहद्द होती. निजामाने १८५३ साली कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०२ साली तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा त्यांच्याकडे गेला. उत्तर तीरावर निजामाची सत्ता नावापुरती उरली. दक्षिण तीरावर ती प्रत्यक्ष नांदत राहिली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी एका तीरावर तिरंगा डौलाने चढला. दुसऱ्या तीरावर तो चढविणे हा गुन्हा होता.

पुढचे तेरा महिने दक्षिण तीराने जे भोगले, ते मराठवाड्यातील घराघरांत अजून सांगितले जाते. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव खंडण्या बसविल्या. ज्यांनी त्या भरल्या ते तूर्त वाचले. ज्यांनी नाकारल्या त्यांच्या वाट्याला लूट, जाळपोळ आणि हत्या आल्या. हाती लागेल ते घेऊन असंख्य कुटुंबे सरहद्दीपलीकडच्या मुलुखांत आश्रयाला गेली. सीमेवरच्या प्रतिकाराची एक छावणी महागावच्या शेजारी उमरखेडला होती.

कादंबरीकाराला ह्याहून समृद्ध सामग्री कोणती हवी? परंतु येथेच एक मोह दबा धरून बसलेला असतो. सत्याग्रही नायक, संकटात सापडलेली नायिका, क्रूर रझाकार, आणि शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी निघालेली भारतीय फौज. चार दिवसांनी, १७ तारखेला निजाम शरण येतो, ताटातूट संपते आणि पडदा पडतो. अशा रचनेत छळ हे केवळ नेपथ्य ठरते आणि प्रेम हा त्यावरचा अलंकार.

इतिहास मात्र १७ सप्टेंबरला थांबला नाही. पंडित सुंदरलाल ह्यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात हिंडून जो अहवाल दिला, त्यात पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज नोंदला आहे. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. ज्यांचा रझाकारीशी काडीमात्र संबंध नव्हता, असे लोकही सूडाच्या आगीत सापडले. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर ह्यांच्या जोडीला आपल्या नदीपलीकडचे नांदेडही होते. हा अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात बंद राहिला; सर्वसामान्य वाचकाला तो २०१३ च्या सुमारास पाहावयास मिळाला.

परंतु त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि माझ्या मते खरी कादंबरी तेथून सुरू होते. अनेक ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना जमावापासून वाचविले. त्यापायी काहींनी स्वतःचे प्राणही गमावले. पळविलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणण्यासाठी अनेक हिंदूंनी साहाय्य केले. एकाच धाग्यावर पोट भरणाऱ्या माणसांचे हे प्रेम कोणत्याही प्रणयकथेपेक्षा उणे आहे काय? छळाच्या काळात प्रेमाची कसोटी आर्जवात लागत नाही. रात्री दारावर थाप पडली असता कडी काढावी की नाही, ह्या एका क्षणात ती लागते.

थोर लेखकांनी हे ओळखले होते. अमृता प्रीतम ह्यांच्या १९५० च्या ‘पिंजर’मध्ये पळवून नेलेली पुरो घरी परतते, तेव्हा जन्मदातेच तिला स्वीकारण्यास नकार देतात. त्या कादंबरीत अत्याचारी कोण, ह्याबद्दल संदेह नाही. पण बंद झालेले दार कोणाचे, हेही लेखिका लपवीत नाही. म्हणूनच ती पंजाबची असूनही आपल्याला आपली वाटते.

जुन्या जखमा कशाला उकरावयाच्या, असे कोणी विचारील. परंतु जखम अर्धीच सांगितली की ती भरत नाही, चिघळते. रझाकारांचा जुलूम सांगताना नंतरचा संहार लपविणे हे असत्य. आणि संहार सांगताना आधीचा जुलूम विसरणे हेही असत्यच. दोन्ही तीरांचे दुःख एकाच लेखणीने तोलावे लागेल. ते तोलणे म्हणजे दोहोंची वजाबाकी करणे नव्हे.

ही जबाबदारी पैनगंगेच्या ह्या काठावर अधिक आहे, कारण आपण आश्रय देणाऱ्यांच्या तीरावर होतो. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे. महागाव, फुलसावंगी, उमरखेड येथील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी अशा वृद्धांजवळ बसून विचारावे : कोण आले होते, कोणाच्या ओसरीवर निजले, पुढे परत गेले की येथेच राहिले? आणि नदीपलीकडे जाऊन हेही विचारावे, की नंतर कोणी कोणाला लपविले? ह्या आठवणी वहीत उतरल्या, तर उद्याच्या कादंबरीकाराला खलनायक शोधण्यापूर्वी माणसे सापडतील.

१९५६ साली दोन्ही तीर एका राज्यात आले. आठवणींची सरहद्द मात्र अजून पुसली गेलेली नाही.