बंगळुरूच्या बसमधले दोन शब्द
नोकरीसाठी चामराजपेटेत राहायला आले आणि पहिल्याच सकाळी बसच्या कन्नड पाट्या बघून घाबरले. मग युक्ती कळली: पाटी सोडा, बसचा नंबर लक्षात ठेवा.

कंडक्टर 'एल्लिगे?' म्हणाला, की 'कुठे जायचंय?' मी म्हणते, 'मेजेस्टिक'. तिथे मेट्रोच्या हिरव्या आणि जांभळ्या लाइन मिळतात.

'शक्ती' योजनेत ११ जून २०२३ पासून साध्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे. पण कर्नाटकचा पत्ता लागतो. माझ्या आधारवर महाराष्ट्र, म्हणून मी तिकीट काढते.

एकदा गर्दीत उतरता येईना. हळूच म्हटलं, 'इळीबेकु', म्हणजे 'उतरायचंय'. शेजारच्या आजींनी हसून वाट करून दिली.

घरातलं कोणी बंगळुरूला निघालंय? हे दोन शब्द आधी शिकवा!