फेरनेमणूक आणि बहाली

कारखान्यातून दूर केलेल्या कामगारांना काही काळाने परत घेतल्याचा हुकूम निघतो. हुकूम इंग्रजीत असला, तर कामगाराचे सारे भवितव्य त्यातील एका क्रियापदावर अवलंबून असते. ‘रीइन्स्टेट’ हा शब्द असेल, तर तो आपल्या जुन्या जागी परतला. त्याची मागील वर्षे आणि ज्येष्ठता सामान्यतः शाबूत राहते. ‘रीएम्प्लॉय’ हा शब्द असेल, तर माणूस तोच असला तरी नोकरी नवी. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही हा भेद मानला होता. कपातीत गेलेल्या कामगाराला नव्या भरतीच्या वेळी अग्रक्रम मिळे, एवढाच त्याचा हक्क. अन्यायाने काढलेल्याला मात्र न्यायालय पूर्वपदावर बसवू शके. मराठीत या दोहोंचे भाषांतर ‘पुन्हा कामावर घेतले’ असे सर्रास केले जाते, आणि वीस वर्षांची चाकरी त्या तीन शब्दांत बुडून जाते.

इंग्रजीत माणसाला कामाशी जोडणारी क्रियापदे अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे कूळ निराळे आहे. ‘हायर’ हा जुना इंग्रजी शब्द. त्यात मोबदला देऊन काही काळापुरते घेण्याचा भाव आहे. म्हणून माणूस जसा ‘हायर’ करता येतो, तशी गाडीही. ‘एम्प्लॉय’ फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी घडीत गुंतवून घेण्याची लॅटिन कल्पना आहे. ‘एंगेज’ या शब्दाच्या पोटात ‘गेज’ म्हणजे तारण आहे. म्हणूनच वाङ्निश्चयाला आणि सल्लागाराच्या नेमणुकीला इंग्रजीत एकच शब्द चालतो. ‘रिक्रूट’ची कथा तर याहून मौजेची. त्याचा मूळ अर्थ पुन्हा वाढणे असा आहे. छाटलेल्या झाडाला पालवी फुटावी, तशी घटलेल्या सैन्याची भरती. म्हणजे हा शब्द प्रथमच येणाऱ्या शिपायाला लावला, तरी त्यात ‘पुन्हा’ दडलेलेच असते.

मराठीजवळ या छटा नाहीत असे मानणे चुकीचे ठरेल. वाजंत्र्यांना सुपारी देणे किंवा विसार देऊन बांधून घेणे, हे ‘एंगेज’चेच अस्सल देशी रूप होय. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. पुढल्या पाडव्याला दोन्ही बाजू राजी असल्या, तर ते नव्याने ठरते. इंग्रजीत ज्याला ‘रिन्यू’ म्हणतात, तो व्यवहार हाच. त्यात नाते जुने असते, पण अटींवर पुन्हा बोलणे करावे लागते. कचेरीतले शब्द तर अधिकच बोलके आहेत. ‘रुजू होणे’ यातील ‘रुजू’ अरबीतून आला, आणि तेथे त्याचा अर्थ परतणे असा आहे. ‘बडतर्फ’ म्हणजे एका बाजूला सारलेला. त्याच्या उलट ‘बहाल’, म्हणजे पूर्वीच्या हालतीत, मूळ स्थितीत आणलेला. ‘रीइन्स्टेट’ची फोडही नेमकी हीच आहे. परंतु आज पदवी बहाल होते, पुरस्कार बहाल होतो. जे कधी हिरावले गेलेच नव्हते, तेही बहाल होते. परत देण्याचा अर्थ गळून केवळ देण्याचा उरला, आणि मराठीने आपला एक नेमका शब्द हातचा घालवला.

या क्रियापदांतील अंतर शब्दकोशापेक्षा इतिहासात अधिक स्वच्छ दिसते, आणि त्यासाठी म्हैसूरच्या इतिहासाकडे वळावे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले. हैदर आणि टिपू या दोघांची सेवा केलेल्या पूर्णय्यांना इंग्रजांनी बालराजा तिसरे कृष्णराज वडियार यांचे दिवाण केले, आणि १८११ पर्यंत ते त्या पदावर राहिले. कारभारी जुना, पण धनी नवा. तेव्हा ही बहाली नव्हे. हिशेब, महसूल आणि मुलूख यांची जाण असलेला अनुभवी माणूस नव्या राजवटीने नव्या कराराने गुंतवून घेतला.

बहालीची खरी मागणी केली ती खुद्द राजाने. १८३१ मध्ये इंग्रजांनी कृष्णराजांच्या हातून कारभार काढून घेतला. तो परत मिळावा म्हणून ते अखेरपर्यंत झगडले आणि १८६८ मध्ये निवर्तले. त्यांचे दत्तकपुत्र चामराजेंद्र यांच्याकडे २५ मार्च १८८१ रोजी राज्य सोपवले गेले. इंग्रज या घटनेला ‘रेंडिशन’, म्हणजे परत देणे, असे म्हणत. परंतु जे परत दिले, ते पूर्वीचे नव्हते. सोबत अटींचा लेख होता. वार्षिक खंडणी २४.५ लाखांवरून ३५ लाखांवर नेण्याचे त्यात होते. तो लेख जाऊन त्याच्या जागी तह येण्यास १९१३ साल उजाडले. नाव बहालीचे, पण व्यवहार नव्या कराराचा, असा हा प्रकार होता.

तिसरे उदाहरण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले, आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. नाशिक, खानदेश, पुणे हा मुलूख त्यांनी पायाखाली घातला. खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दरवाजे ही त्याच काळातील त्यांची कामगिरी. १९०८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. मुसा नदीच्या महापुरानंतर हैदराबादने त्यांना सल्ल्यासाठी बोलावले. हे ‘एंगेज’ करणे झाले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ मध्ये दिवाण, आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. पुढे १९२३ मध्ये त्याच संस्थानाने भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची धुरा त्यांच्यावर सोपवली, आणि ती त्यांनी १९२९ पर्यंत वाहिली. याला बहाली म्हणता येणार नाही, कारण त्यांचे काही हिरावले गेले नव्हते. फेरनेमणूकही म्हणता येणार नाही, कारण पद निराळे होते. जुना ऋणानुबंध नव्या कामाने पुन्हा जोडला गेला.

तेव्हा ‘री’ हा इवलासा उपसर्ग मराठीत आणताना केवळ ‘पुन्हा’ लिहून भागत नाही. परतणाऱ्याला त्याचा हक्क मिळाला की नवी संधी, हे आधी पाहावे लागते. हक्क मिळाला असेल तर ‘बहाल’, नवी संधी असेल तर ‘फेरनेमणूक’, जुना करार पुढे चालला असेल तर ‘नूतनीकरण’. हे तीन शब्द आपापल्या जागी ठेवले, तर हुकूम वाचणाऱ्या माणसाला आपली मागील वर्षे जमेस धरली गेली की नाहीत, हे पहिल्याच ओळीत कळेल.