उष्णतेची वाट (१४) : बागेतला धूर

भौतिकशास्त्रज्ञ शूस्टरचे प्रारणाचे दोन प्रवाह या आठवड्यात घ्यायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. निफाडहून एका द्राक्षबागायतदारांची चिठ्ठी आली आहे आणि तिचं उत्तर थंडी सरल्यावर देण्यात हशील नाही. ते विचारतात : ढग रात्री जमिनीची उष्णता अडवतो असं तुम्ही लिहिलंत, मग पारा उतरला की आम्ही पहाटे बागेत काडीकचरा पेटवून धूर करतो, तोही तेच काम करतो ना?

नाही करत. पण शेकोटी वाया जाते असंही नाही.

आधी ढगाचं पाहू. आमच्या लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर रात्रीच येऊन लागतात. जानेवारीतल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरच्या ट्रॉलीची ताडपत्री पहाटे हाताने निपटावी इतकी दवाने भिजते. शेजारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या ट्रॉलीची कोरडी राहते. हवा दोघींभोवती तीच. फरक एवढाच की एकीच्या डोक्यावर आकाश आहे, दुसरीच्या डोक्यावर पत्रा. उघडी ताडपत्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते, पत्रा ती अडवतो; ढगाचं कामही पत्र्यासारखंच.

५ अंश सेल्सिअसची जमीन चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट उष्णता वर सोडते. निरभ्र आकाशातलं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड त्यातले अडीचशेच्या आसपास परत पाठवतात. बाकीचे जातात ते मुख्यतः ८ ते १३ मायक्रॉन तरंगलांबीच्या, हवा फारशी अडवत नाही अशा खिडकीतून. मराठवाड्याची हिवाळी हवा कोरडी, म्हणून आपल्याकडे ही खिडकी सताड उघडी. कोकणात बाष्पामुळे ती निम्मीशिम्मी लोटलेली असते.

ढग ही खिडकी बंद करतो. त्यासाठी लागणारं पाणी किती? शंभरेक मीटर जाडीच्या ढगात चौरस मीटरमागे ३०-४० ग्रॅम, म्हणजे घोटभर. पण ते दहा मायक्रॉनच्या आगेमागे असलेल्या थेंबांमध्ये वाटलेलं असतं आणि जमिनीतून निघणारं हे अवरक्त प्रारण पाणी फार जोरात शोषतं. दिवसा पांढराशुभ्र दिसणारा ढग या तरंगलांबीला काळाकुट्ट असतो. किर्चहॉफचा नियम आपण पाहिलाच आहे : जो चांगला शोषतो तो चांगलं उत्सर्जनही करतो. खालून आलेलं सगळं ढग गिळतो आणि स्वतःच्या तापमानाप्रमाणे पुन्हा खाली पाठवतो.

धुराचे कण मात्र बहुतेक एका मायक्रॉनहून लहान, कित्येक तर पाव मायक्रॉनचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या घरातली, म्हणजे कणाच्या तोडीची; म्हणून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला धूर दाट दिसतो. जमिनीतून निघणारी लहर आहे दहा मायक्रॉनची. तळ्यातल्या मोठ्या लाटेला बोरूच्या काडीचा पत्ता लागत नाही, तशी ती धुरातून निघून जाते. विरळ धूर नीट बघा : मागे लिंबाचा काळा बुंधा असेल तर निळसर दिसतो, मागे उजळ आभाळ असेल तर तपकिरी. लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, तांबडा कमी. मग अवरक्ताची काय कथा. आग विझवणारे जवान धुराने भरलेल्या खोलीत उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन शिरतात तो याच जोरावर. दाट धुक्यात मात्र तोच कॅमेरा आंधळा होतो.

म्हणजे रात्री जाणाऱ्या उष्णतेला धूर वाट देतो आणि सूर्य उगवल्यावर येणाऱ्या उन्हाच्या आड येतो. पाहिजे त्याच्या बरोबर उलट! तरीही ओला पाला टाकून जास्त धूर करा असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो आणि तो वाचला की मी चरफडतो.

उपयोग होतो तो आगीचा. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा सर्वात गार होते आणि दहा-बारा मीटरवरची तिच्याहून दोन-चार अंश उबदार राहते. लहान शेकोटीची गरम हवा थोडी वर चढते, त्या उबदार थरापाशी अडते आणि वरची-खालची हवा ढवळली जाते. मोठा जाळ केला तर त्याचा झोत थर फोडून वर निघून जातो आणि आजूबाजूची गार हवा बागेत ओढली जाते. तेव्हा शेकोट्या पुष्कळ हव्यात, लहान हव्यात आणि सुक्या काड्यांच्या हव्यात. धूर कमी, ऊब जास्त.

विहिरीच्या पाण्याचा आधार याहून खात्रीचा. हिवाळ्यातही ते वीस अंशांच्या वर असतं, आणि एक लिटर पाणी १५ अंशांनी निवताना ६३ किलोज्यूल उष्णता सोडतं. ठिबकने मुळाशी घातलेलं चार थेंब पाणी मात्र या कामाला पुरत नाही. सरीतून मोकळं सोडायला हवं, आणि तेवढं पाणी विहिरीत आहे का हे ज्याचं त्यानेच बघायचं.

चिठ्ठीवाल्या बागायतदारांनी एक करावं. एक तापमापक वेलीच्या उंचीवर टांगावा, दुसरा बांबूवर जमेल तितका उंच. पहाटे वरचा पारा खालच्यापेक्षा चढा असेल तरच शेकोट्या पेटवाव्यात. दोन्हीकडे सारखाच असेल, किंवा वारा वाहत असेल, तर वरून आणायला ऊबच नाही. काड्या दुसऱ्या रात्रीसाठी ठेवाव्यात.

पुढच्या आठवड्यात शूस्टर नक्की. त्याचा १९०५ सालचा शोधनिबंध धुकट वातावरणातून जाणाऱ्या प्रारणावरच आहे, फक्त त्याच्या डोळ्यांसमोर द्राक्षबाग नव्हती, ताऱ्यांची वातावरणं होती.