धुराचा कर: ऐकीव काय, खरं काय

गाड्यांवर प्रदूषणाचा कर वाढणार, अशी बातमी सकाळी टीव्हीवर झळकली की संध्याकाळपर्यंत विरारजवळच्या अर्नाळ्यात तिचं पार भलतंच काही झालेलं असतं. सकाळी ‘विचार सुरू आहे’ एवढंच असतं. दुपारी ‘ठरलं म्हणे’ होतं. आणि मासळी टाकून टेम्पो परत येईपर्यंत ‘पंधरा वर्षांच्या सगळ्या गाड्या उचलून नेणार’ इथवर मजल गेलेली असते. लोकांनी चिडू नये असं मुळीच नाही. पण ज्या कराला लोक घाबरतात तो बऱ्याचदा लागूच झालेला नसतो, जो खरोखर भरावा लागतो त्याची गंधवार्ता नसते, आणि ज्यावर कडाकडा भांडायला हवं तो मुद्दा या गलक्यात तसाच राहून जातो.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’

हा समज दिल्लीहून आलेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टाच आणली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्या आदेशाची हद्द राजधानी क्षेत्रापुरती. एमएच ४८ लिहिलेल्या आपल्या वसई-विरारच्या गाडीला तो लागू नाही.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवायची, तपासणीत पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात, आणि मग पुन्हा पाच. टेम्पो, रिक्षा, ट्रक यांचं गणित वेगळं. त्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेलं भंगार धोरण खासगी मालकाला सवलतीचं आमिष दाखवतं, पण गाडी मोडायची सक्ती करत नाही. वयाची सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना: एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते.

अर्नाळ्यात गाडी भंगारात जाते ती बहुतेक वेळा सरकारच्या हातून नव्हे, खाऱ्या हवेच्या हातून. मासळीच्या टेम्पोचा हौदा पाहा. बर्फ वितळून खारं पाणी फळ्यांखाली मुरतं, पत्र्याला आतून पोपडे धरतात, दरवाज्याची खालची कड बोटाने दाबली तरी चुरा हातात येतो. इंजिन धडधाकट आणि चासी सडलेली, अशा गाड्या इथे ढिगाने. फिटनेसला त्या अडतात त्या धुरामुळे नव्हे, गंजामुळे.

‘हरित कर नवाच काढलाय, आणि दरवर्षी भरायचाय’

दोन्ही चूक. राज्याने आपल्या १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यात २०१० साली दुरुस्ती करून पर्यावरण कर आणला. आठ वर्षांवरची मालवाहू आणि प्रवासी वाहतुकीची वाहनं आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाड्या त्यात येतात. तेव्हा ठरलेला दर असा: दुचाकीला २,००० रुपये, पेट्रोल मोटारीला ३,०००, डिझेल मोटारीला ३,५००. आणि हा आकडा पाच वर्षांचा. म्हणजे पेट्रोल मोटारीला वर्षाला ६०० रुपये, महिन्याला पन्नास. टाकी भरायला पंपावर जातो तेव्हा त्याच्या कितीतरी पट कर आपण पेट्रोलमधून मुकाट्याने देऊन येतो.

खिशाला खरा चटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याला ‘कर’ म्हणतही नाहीत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी केंद्र सरकारने १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये केली. दुचाकीची ३०० वरून १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी एक पायरी आली: मोटारीला १०,०००, दुचाकीला २,०००. परदेशातून आणलेल्या मोटारीला तर ८०,०००. सोळा वर्षांच्या साध्या पेट्रोल मोटारीचा हिशेब मांडला तर फी ५,००० आणि २०१० च्या दराने कर ३,०००, मिळून ८,०००, पाच वर्षांसाठी. यात ओरडा होतो तो तीन हजारांचा आणि पाच हजार निमूट भरले जातात. नावात ‘पर्यावरण’ असलं की राग अनावर होतो आणि ‘फी’ म्हटलं की आपण पाकीट काढतो, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

त्यात नव्या नंबरप्लेटची भर पडली. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायला सांगितल्यावर तोही प्रदूषणाचा दंडच, असं कित्येकांनी धरलं. ती प्लेट गाडीची ओळख पक्की करण्यासाठी आहे. धुराशी तिचा संबंध फार तर काचेवर लावायच्या स्टिकरपुरता: पेट्रोल आणि सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी.

‘मंत्री बोलले म्हणजे लागू झालं’

१२ सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. वाहन उत्पादकांच्या दिल्लीतल्या परिषदेत नितीन गडकरींनी डिझेल गाड्यांवर आणखी दहा टक्के जीएसटी लावण्याची मागणी अर्थमंत्र्यांकडे करणार असल्याचं सांगितलं. बाजारात वाहन कंपन्यांचे शेअर घसरले. त्याच दिवशी त्यांनीच खुलासा केला की असा कोणताही प्रस्ताव सध्या सरकारच्या सक्रिय विचारात नाही. खुलासा मात्र बातमीइतका लांब पोचला नाही, आणि ‘डिझेलवर दहा टक्के बसलेत’ असं ठामपणे सांगणारे त्यानंतरही भेटत राहिले.

दुसरं उदाहरण घरचंच. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात अजित पवारांनी ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला. एकीकडे हवा स्वच्छ करा म्हणता आणि दुसरीकडे बॅटरीच्या गाडीवर कर लावता, असा सूर उमटला. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे विरोध केल्याने फरक पडतो. मात्र विरोध प्रस्तावाला असावा लागतो, अफवेला करून उपयोग नाही.

फ्रान्समध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. जानेवारी २०१९ पासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट आणि पेट्रोलवर २.९ सेंट वाढ ठरली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि डिसेंबरात सरकारला ती वाढ सोडून द्यावी लागली. त्यात मोठा भरणा होता तो गाडीवाचून कामावर पोचूच न शकणाऱ्या लहान गावांतल्या लोकांचा. अर्नाळ्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. लोकल विरारला, विरार गाठायचं ते बसने, रिक्षाने किंवा स्वतःच्या गाडीने, आणि पहाटे मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बाईला ‘सार्वजनिक वाहतूक वापरा’ हा सल्ला ऐकायलाही वेळ नसतो.

‘सीएनजीवरही कर वाढवला, आता घेऊन काय फायदा?’

वाढवला हे खरं. १ जुलै २०२५ पासून खासगी सीएनजी मोटारींचा एकरकमी कर एका टक्क्याने चढला. आधी किमतीनुसार ७, ८ आणि ९ टक्के होता, आता ८, ९ आणि १०. पण शेजारचे आकडेही पाहायला हवेत: व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल मोटारीला ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. नऊ लाखांच्या गाडीवर सीएनजीचा कर ६३,००० वरून ७२,००० झाला. तीच गाडी पेट्रोलची असती तर ९९,००० आणि डिझेलची असती तर १,१७,०००. फायदा कमी झाला, संपला नाही. आणि हा कर नव्या गाडीची नोंदणी करताना भरायचा. ज्यांनी आधीच भरून ठेवलाय त्यांना फरकाची नोटीस येणार नाही.

जीएसटीचं मात्र वेगळंच. मोठ्या गाडीला जास्त जीएसटी म्हणजे तो प्रदूषणाचाच, असं मानलं जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासूनची वाटणी बघा: चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलचं इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १,५०० सीसीपर्यंत, तर १८ टक्के. त्यावर ४०. धूर किती निघतो हे त्यात कुठेच मोजलेलं नाही. विजेच्या गाडीला पाच टक्के ठेवलेत, एवढीच काय ती हवेची आठवण.

‘प्रदूषण मुंबईत, आम्ही तर गावातले’

अर्नाळ्याला ग्रामपंचायत आहे आणि वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत गाव येत नाही, म्हणून कित्येकांना वाटतं की शहरांचे नियम वेशीबाहेर थांबतील. वाहन कर राज्याचा असतो. गाडी कुठे नोंदवली आहे हे पाहतात, मालकाच्या दारात ग्रामपंचायत आहे की महापालिका हे कोणी विचारत नाही. शिवाय वसई-विरार राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांमध्ये आहे आणि मुंबई महानगर प्रदेशातही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने थांबवून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्या ठेवणं जमेल का, याचा अभ्यास करायला समिती नेमण्यास सांगितलं. राज्याने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली. ‘कोर्टाने डिझेल बंद केलं’ ही त्यावरची नाक्यावरची बातमी. कोर्टाने तेव्हा बंदी घातली नव्हती, व्यवहार्यता तपासायला सांगितली होती.

होडीचंही लोक यात ओढून आणतात. सहा सिलिंडरच्या बोटीला पर्यावरण कर लागणार का? नाही. मोटार वाहन कायद्याला रस्त्यावर चालणारं वाहन लागतं. बोटीची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि तिचं डिझेलचं दुखणं म्हणजे डिझेलवरच्या कराच्या परताव्याचं. तो वेळेवर मिळत नाही ही तक्रार रास्त आहे, पण ती या करात मिसळली तर दोन्हींचा विचका होईल.

‘पीयूसी आहे, मग कर कशाला?’

हा प्रश्न मात्र वेडगळ नाही. नियमित देखभाल केलेली सतरा वर्षांची मोटार आठवड्यातून एकदा आगाशीच्या बाजारात जाऊन येते. शेजारचा सात वर्षांचा टेम्पो रोज रात्री मुंबई गाठतो आणि चढावर मागच्याला पुढचं दिसू देत नाही. पर्यावरण कर पहिलीला लागतो, दुसऱ्याला लागत नाही. कर वयावर आहे, धुरावर नाही, किलोमीटरवर तर नाहीच.

सरकारची बाजू अशी की गाडीचं वय हा धुराचा ढोबळ अंदाज आहे, आणि तो अगदी निराधार नाही. एप्रिल २०२० मध्ये देश बीएस-४ या उत्सर्जन मानकावरून थेट बीएस-६ वर गेला तेव्हा डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, सूक्ष्म कणांची २५ वरून साडेचारवर. इंधनातलं गंधकही दशलक्षात ५० भागांवरून १० वर उतरलं. जुनी गाडी कितीही पुसूनपासून ठेवली तरी तिला नव्या गाडीसारखी गाळणी मुळात बसवलेलीच नसते.

पीयूसीच्या कागदावर हे दिसत नाही. पेट्रोल गाडीत ती चाचणी उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघते, डिझेलला धुराचा दाटपणा. फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण आणि नायट्रोजन ऑक्साइड ती मोजतच नाही. म्हणून ‘पीयूसी पास म्हणजे प्रदूषण नाही’ हेही चूक, आणि ‘जुनी म्हणजे घाणच’ हेही.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने देशभरासाठी हरित कराचा जो प्रस्ताव राज्यांच्या विचारार्थ मंजूर केला, त्यात एक आकडा होता: एकूण वाहनांत पाच टक्के असलेली व्यावसायिक वाहनं वाहनांच्या प्रदूषणातला ६५ ते ७० टक्के वाटा उचलतात, असा सरकारचाच अंदाज. त्यात सीएनजी, विजेच्या गाड्या आणि ट्रॅक्टरसारखी शेतीची वाहनं वगळली होती, अतिप्रदूषित शहरांत नोंदलेल्या गाड्यांना रस्ता कराच्या निम्म्यापर्यंत कर सुचवला होता, आणि गोळा झालेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून प्रदूषणावरच खर्च करायचा असं म्हटलं होतं. माझ्या मते भांडायचं असेल तर या शेवटच्या ओळीसाठी भांडावं. घटनेच्या २६६ व्या कलमाप्रमाणे राज्याचा महसूल एकत्रित निधीत जातो. तिथून तो हवा मोजायच्या यंत्रावर गेला की आणखी कशावर, हे कर भरणाऱ्याला पावतीवरून कळत नाही. विरारहून येणाऱ्या बसच्या फेऱ्या त्या पैशातून वाढल्या तर कराबद्दलचा अर्धा राग आपोआप उतरेल.

तोवर करण्यासारखं एक काम आहे: आरसी बुक काढून नोंदणी संपायची तारीख बघणं. मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि मोटारीला ५०० रुपये जादा लागतात. वर्षभर विसरलं तर मोटारीचे सहा हजार होतात, म्हणजे २०१० च्या दराने दहा वर्षांच्या पर्यावरण कराइतके.