जपानी कूपे पुण्यात : आधी कागद, मग गाडी

नव्वदच्या दशकातली जपानी कूपे भारतीय रस्त्याला परकी नाही. जपानातही वाहने डावीकडूनच चालतात, म्हणून स्टिअरिंग आपल्यासारखेच उजवीकडे. अडते ते कायद्यापाशी. वापरलेली मोटार आयात करायची तर ती 3 वर्षांहून जुनी चालत नाही. अमेरिकेत 25 वर्षे झालेली गाडी नियमांतून सुटते. 1989 ची निसान स्कायलाइन जीटी-आर तिथे 2014 पासून रीतसर जाऊ लागली. आपल्याकडे विंटेज ठरायलाच 50 वर्षे लागतात. त्या हिशेबाने 1993 ची टोयोटा सुप्रा 2043 पर्यंत ना नवी, ना जुनी.

त्यामुळे पुण्यात सौदा होतो तो भारतात आधीच नोंदलेल्या गाडीचा. बहुधा परदेशातून कायमचे परतलेल्या एखाद्या कुटुंबाने सोबत आणलेल्या. आरसी बुक, कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री आणि पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर ही तिन्ही जुळली तरच पुढे बोलावे. जपानी बाजारासाठी बनलेल्या गाडीचा नंबर आखूड असतो : सुप्राचा जेझेडए80 ने, स्कायलाइनचा बीएनआर32 ने, माझदा आरएक्स-7 चा एफडी3एस ने सुरू होतो. कागदावर 17 अक्षरी नंबर आणि विकणारा म्हणतो गाडी थेट जपानची, तर तिथेच थांबलेले बरे. दुसऱ्याच गाडीच्या कागदांवर फिरणारी कूपे स्वस्त पडते, पण जप्त झाली की सगळेच गेले.

इंजिनाचा आकडा फारसा काही सांगत नाही. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून 2004 पर्यंत जाहिरातीत 280 अश्वशक्तीची मर्यादा पाळली; खरी ताकद बऱ्याचदा जास्त असे. मजा आहे ती स्वभावात. आरएक्स-7 च्या 1308 सीसी रोटरी इंजिनावर दोन टर्बो. पहिला लगेच श्वास घेतो, दुसरा 4,500 फेऱ्यांच्या आसपास येऊन मिळतो. ही जोड झटका न देता बसली पाहिजे. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू, म्हणजे कॉम्प्रेशनचे सहा आकडे. ते एकमेकांच्या जवळ हवेत. पिस्टन इंजिनाचा साधा गेज फक्त मोठा आकडा दाखवतो आणि झिजलेले सील झाकले जाते. रोटरीचा वेगळा टेस्टर मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पेट्रोलचा प्रश्न पूर्वी बिकट होता. ही टर्बो इंजिने उंची पेट्रोलवर बेतलेली. 2020 च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचे एक्सपी100 आणले, त्या पहिल्या शहरांत पुणे होते. आता डोकेदुखी साध्या पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलची. तीस वर्षांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनलेलेच नाहीत. गाडी घेतल्याबरोबर ते बदलून टाकावेत.

शेवटचा खर्च आरटीओतला. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार 20 वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 80,000 रुपये आहे. भाव ठरवताना ते आधीच वजा करावे.