खांबापासून खांबापर्यंत

नागपुरात बसून ग्रीक संस्कृतीचा अभ्यास करावयाचा म्हटले म्हणजे कोणाच्याही डोळ्यांसमोर अथेन्सचे संगमरवरी स्तंभ, विमानाचे भाडे आणि पारपत्राचा अर्ज एवढ्याच गोष्टी येतात; परंतु ज्या शब्दावर या शहराचा निम्मा अभिमान उभा आहे तो शब्दच मुळात ग्रीक आहे, हे शून्य मैलाच्या खांबाला वळसा घालून रोज कचेरीस जाणाऱ्या नागपूरकरांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी येत असेल. आपण देशाच्या केंद्रस्थानी राहतो, असे आपण पाहुण्यांना मोठ्या तोऱ्याने सांगतो. आणि हे ‘केंद्र’ म्हणजे ग्रीकांचे ‘केंत्रोन’, अर्थात जनावर हाकण्याच्या परोणीचे टोक, आणि पुढे वर्तुळ काढताना कंपासाचा जो पाय एका जागी रोवून ठेवतात त्याचे टोक. ज्योतिषाच्या वाटेने ‘होरा’ आणि ‘जामित्र’ या सोबत्यांसह हा शब्द संस्कृतात आला आणि असा मुरला की त्याच्या जन्मगावाची चौकशी करावी असे कोणास सुचत नाही.

म्हणून आपल्या विद्यापीठातील मुलांची ग्रीक संस्कृतीच्या शोधातील अभ्याससहल या खांबापासून निघावी आणि विदिशेजवळ बेसनगरास एका ग्रीकाने उभारलेल्या दुसऱ्या खांबापाशी जाऊन थांबावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आणि एकदा अशा मंडळींबरोबर मी स्वतः जाऊन आल्यापासून तर ते मत अधिकच पक्के झाले आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व या विषयाला महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारखा ताम्रपटांची अक्षरे डोळ्यांत तेल घालून वाचणारा विद्वान लाभला, आणि त्यांच्यामागून शां. भा. देव यांच्यासारखा कुदळ-फावड्यांचा माणूस लाभला, ज्यांनी १९६९-७० मध्ये भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे स्तूपांचे उत्खनन केले. ज्या विषयाची घडण शिलालेख आणि उन्हातान्हातील खड्डे यांनी झाली आहे, तो चार भिंतींत पुरा शिकविता येत नाही हे उघड आहे.

नागपूर ते विदिशा ही वाट नवी नाही. मेघदूतातील रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असा मिराशींचा आग्रहाचा सिद्धांत. आणि तो मान्य केला तर यक्षाचा मेघ रामटेकाहून निघून नर्मदा ओलांडतो, दशार्ण देशात शिरतो आणि वेत्रवतीच्या काठच्या विदिशेस पोहोचतो. आमची गाडीही पांढुर्णा, आमला, बैतुल असे सातपुड्याचे टप्पे घेत इटारसीस उतरली, नर्मदा ओलांडली, विंध्याचा घाट चढून भोपाळास आली आणि सांचीचा स्तूप डाव्या-उजव्या खिडक्यांतून शोधीत मुले विदिशेस उतरली. फरक एवढाच की मेघाला आरक्षणाची चिंता नव्हती. याच वाटेने कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकातील मालविकाही विदर्भातून विदिशेस गेली होती, आणि त्याच नाटकात वरदेच्या, म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या, दोन तीरांवर विदर्भाचे दोन वाटे होतात आणि अग्निमित्राचा पुत्र सिंधूतीरी यवनांशी, म्हणजे ग्रीकांशी, झुंज घेतो. विदर्भ, विदिशा आणि यवन ही तिन्ही नावे एका नाटकात आलेली पाहून वर्गात जांभया देणारी मुले गाडीत मात्र सावरून बसली.

खांब प्रथमदर्शनी काही फार भव्य नाही. चौथऱ्यावर सुमारे अठरा फूट उंचीचा तो दगड उभा आहे. खाली अष्टकोनी, त्यावर सोळा पैलूंचा, त्याहून वर बत्तीस पैलूंचा आणि शेवटी गोल. ज्या गरुडासाठी तो उभारला तो गरुड आज माथ्यावर नाही. एका मुलीने खालपासून पैलू मोजावयास आरंभ केला, बत्तिसांपाशी तिची गणती दोनदा चुकली, आणि तेवढ्या वेळात इतरांनी अष्टकोनी भागावरील ब्राह्मी लेखाच्या पहिल्या ओळीवर मुक्काम ठोकला. ब्राह्मीतील ‘व’ म्हणजे डोक्यावर उभी दांडी असलेला एक वाटोळा गोल. तो एकदा ओळखता आला की ‘देवदेवस वासुदेवस’ ही आरंभीची अक्षरे आपोआप सुटू लागतात. त्या सात ओळींचा मथितार्थ असा की, देवांचा देव जो वासुदेव त्याचा हा गरुडध्वज दियाचा पुत्र हेलिओदोर या तक्षशिलेच्या भागवताने करविला. तो महाराज अंतलिकित याच्याकडून राजा काशीपुत्र भागभद्र याच्याकडे, त्याच्या राज्याच्या चौदाव्या वर्षी, आलेला योनदूत होता. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाची अखेर. खाली आणखी एक छोटा लेख आहे. दम, त्याग आणि अप्रमाद ही तीन पावले नीट टाकली तर ती स्वर्गास नेतात, असा त्याचा आशय आहे.

योनदूत म्हणजे यवनांचा, ग्रीक राजाचा दूत; आपल्या मराठेशाहीच्या भाषेत परदरबारचा वकील. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात पेशव्यांचे आणि इतरांचे वकील असत, अखबारा लिहून धाडीत आणि मसलती करीत. तसाच हा एक. अशा वकिलांपैकी यजमानांच्या देवधर्मात ज्याचे मन खरोखर गुंतले असे उदाहरण शोधू लागलो तर नागपुरातच एक सापडते. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी १७९९ ते १८०१ या काळात कंपनी सरकारतर्फे राहिलेला हेन्री टॉमस कोलब्रुक हा पुढे १८०५ मध्ये वेदांवर निबंध लिहून युरोपातील संस्कृत अभ्यासाचा एक आधारस्तंभ झाला. कोलब्रुकने अभ्यास केला. हेलिओदोराने खांब उभा केला आणि स्वतःस भागवत म्हणवून घेतले. यातील कोणते अधिक, हा वाद परतीच्या गाडीत रात्री उशिरापर्यंत चालला होता.

खरी गंमत मात्र एका विशेषणात आहे. या लेखात भागभद्राला ‘त्रातार’ म्हटले आहे. आपल्याकडील राजांच्या बिरुदांत हा शब्द सहसा आढळत नाही. तो ग्रीक राजांच्या ‘सोतेर’ या पदवीचा शब्दशः अनुवाद आहे. म्हणजे मजकूर प्राकृत, लिपी ब्राह्मी, देव वासुदेव, आणि यजमान राजाला दिलेला मान मात्र ग्रीक दरबारच्या रिवाजाचा! उलट अंतलिकिताच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक अक्षरांत आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठीत त्याचे नाव असून सिंहासनावरील झ्यूस आणि त्याच्यासोबत हत्ती आहे. धनी झ्यूसचा आणि त्याचा वकील वासुदेवाचा. दोघांच्या कारभारात त्यामुळे काही अडचण आल्याचे दिसत नाही.

इतके सारे असूनही हा लेख शतकानुशतके कोणी वाचला नव्हता, आणि त्याचे कारण भक्ती. आसपासचे लोक या दगडाला ‘खांब बाबा’ म्हणून पूजीत आणि त्यावर शेंदूर चढवीत. १८७७ मध्ये कनिंगहॅमसारखा पुरातत्त्वज्ञ तेथे आला, त्याने आकारावरून हा खांब गुप्तकालीन ठरविला आणि शेंदराच्या जाड पुटाखालची अक्षरे न पाहताच परतला. बेसनगर तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या मुलखात होते; त्याच संस्थानातील लेक नावाच्या अभियंत्याने १९०९ साली शेंदूर खरवडवून घेतला तेव्हा अक्षरे उजेडात आली आणि पुरातत्त्व खात्याचा तेव्हाचा प्रमुख मार्शल याने ती जगापुढे मांडली. पुढे १९१३ ते १९१५ या काळात सर रामकृष्णपंत भांडारकरांचे पुत्र देवदत्तपंत यांनी तेथे खोदकाम केले. खांब हलू नये म्हणून तळाशी ठोकलेल्या लोखंडी पाचरा त्यांना मिळाल्या, आणि तपासणीत ते लोखंड म्हणजे अस्सल पोलाद ठरले. १९६३-६५ मध्ये म. द. खरे यांच्या उत्खननात जवळच लंबगोलाकार जुन्या देवालयाचा पाया निघाला. शिंद्यांच्या मुलखातील या ग्रीकाचे दफ्तर उलगडण्यात मराठी माणसांचा हात एवढा मोठा असताना मराठी विद्यापीठांतील मुलांनी तो खांब फक्त पुस्तकातील चित्रात पाहावा, हे मला कधीच पटले नाही.

भागभद्र नेमका कोणत्या वंशातला, तो शुंगच का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते मुलांना खांबापाशीच सांगावेत, आधी सांगू नयेत. कनिंगहॅमची चूक अज्ञानाची नव्हती, ती आधीच मत बनवून पाहण्याची होती. आणि ती किती सहज होते हे आमच्यातीलच एकाने दाखविले, कारण वाटेत त्याने टिपणवहीत स्तंभाचे वर्णन आधीच लिहून ठेवले होते आणि त्यात माथ्यावरचा गरुडही होता.

विभागप्रमुखांना माझी विनंती एवढीच की, ही सहल थंडीच्या दिवसांत काढावी, निघण्यापूर्वी महिनाभर मुलांकडून ब्राह्मीची वर्णमाला आणि ग्रीकांची चोवीस अक्षरे घोटून घ्यावीत, आणि खांबापाशी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. अथेन्सचे पाहता येईल तेव्हा पाहता येईल; विदिशा भोपाळच्या पुढे गाडीने तासाभराची वाट आहे.